बरणीतली चटणी कुणाची?

आक्का, नमस्कार.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, वय ४४, शाहूपुरीत एका पतसंस्थेत नोकरी. घरात नवरा, कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. तक्रार कुणाचीच नाही. तक्रार असली तर माझीच आहे.

तीन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वर्षाची कांदा-लसणाची चटणी पहिल्यांदा माझ्या एकटीच्या गळ्यात पडली. मिरच्या आणल्या, देठं काढली, ऊन दिलं. कांदा तळताना ऑफिसातून फोन आला. बोलून येईतो कांदा काळा. तरी तसाच बाकीच्या मसाल्याबरोबर डंकावर कुटायला नेला. चार किलो चटणी कडू जहर झाली. ती मी चार दिवस थोडी थोडी करून घंटागाडीत टाकली आणि फुलेवाडीच्या पुढं एक बाई घरी चटणी करून विकतात, त्यांच्याकडून चार किलो आणून बरणीत भरली. मुद्दाम लांबची बाई शोधली. आई भजनाला गेल्या होत्या तेवढ्या वेळात काम उरकलं.

वाटलं होतं, एका वर्षापुरतं. पण सगळ्यांना ती चटणी इतकी आवडली की पुढच्या वर्षी परत तिथंच गेले. आता तीन वर्षं झाली. नवरा म्हणतो, "आईच्या हाताची चव तुझ्या हाताला आली." आईसुद्धा परवा म्हणाल्या, "चटणी झ्याक झालीया. पुढच्या खेपेला मीठ जरा बेतानं टाकाय सांग." एवढ्या कडक बाई, पण माझं कौतुक करतात आणि मला घास गिळत नाही.

आता नणंदेचा पिंपरीहून फोन आलाय. "वैनी, मे महिन्यात आठ दिवस रजा टाकून येतो. यंदा चटणी तुझ्या हाताखाली शिकणार बघ." काय शिकवू आक्का? फुलेवाडीचा रस्ता?

लिहायला बसलेच आहे तर बाकीचंही सांगून टाकते. आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटल्यावर खासबागेत गाडीवरच बसून एकटी भेळ खाते, वरून हिरवी मिरची जास्त. डोळ्यांतून पाणी येतं. घरी सांगते, धूळ गेली. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाते म्हणते, पण संध्यामठाच्या बाजूला कठड्यावर बसून राहते. ऑफिसात मालिका बघणाऱ्या बायकांना हसते आणि रात्री पांघरुणात मोबाइलवर तीच मालिका बघून रडते. आणि कुणी "कुठंवर आलीस?" विचारलं की अंगावर टॉवेल असताना "तावडे हॉटेलपाशी आले" असं बिनदिक्कत सांगते. मी खोटारडी आहे का?

– एक चटणीचोर

*

अगं चटणीचोर (नाव तूच घेतलंयस, मी ठेवलेलं नाही),

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं, कारण त्यात एक वाक्य असं आहे की जे तू लिहिलंस खरं, पण वाचलं नाहीस. त्याकडे येते. आधी किरकोळ गुन्हे निकालात काढू.

भेळेचं. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान कुस्त्यांसाठी बांधलं, १९१२ ची गोष्ट, आणि त्याची रचनाच अशी की कुठंही बसलं तरी मधला आखाडा दिसतो. ही गोष्ट आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. बाहेरच्या भेळेच्या गाड्यांनाही तोच नियम लागू आहे बरं का. तिथं कुठंही गाडी लावलीस तरी तू दिसतेस. तुझ्या घरापासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर. आणि तुला वाटतं कुणाला माहीत नाही!

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी एक गमतीचा प्रयोग केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं तोंड छापलेला, घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावला आणि भरल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांनी बघितलं असेल? ते म्हणाले, निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. म्हणजे आपल्याला वाटतं तेवढं जग आपल्याकडं बघत बसलेलं नसतं. वाचून मला फार बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं की त्या मंडळींनी मंगळवार पेठ पाहिलेली नाही. पेठेत तुझ्या गाडीचा नंबर पाठ असलेली माणसं किमान दहा निघतील. त्यांनी तुला बघितलंय, तुझ्या सासूलाही सांगितलंय, आणि तरीही जग बुडालेलं नाही. तेव्हा खा.

मिरचीचं मात्र सांगते. तिखट ही मुळात चवच नाही. मिरचीतला जो जहाल पदार्थ असतो तो जिभेवरच्या चटका ओळखणाऱ्या यंत्रणेलाच जाऊन डिवचतो आणि मेंदूला वाटतं, भाजलं. ही यंत्रणा मिरचीच्याच मदतीनं शोधून काढली म्हणून एका शास्त्रज्ञाला २०२१ चं नोबेल मिळालं, वैद्यकातलं. म्हणजे तू आठवड्यातून दोनदा खासबागेत जाऊन आपण होऊन जीभ भाजून घेतेस, वर त्याचे पैसे देतेस. आपल्याकडं ह्याला जिवाला बरं वाटणं म्हणतात. रोज आठ तास लोकांच्या थकलेल्या हप्त्यांचे कागद बघून आलेल्या बाईला डोळ्यांतून चार थेंब काढायला एक कारण मिळत असेल तर मी त्याच्या आड येणार नाही. धूळ गेली म्हणत जा. कोल्हापूरच्या रस्त्यांची अवस्था बघता कुणी शंका घेणार नाही.

रंकाळ्याचं काय, ते तर सांगायचीही गरज नव्हती. "फिरायला जाते" ह्यात पाय किती चालले ह्याचा हिशेब कुठं आलाय? सकाळी साडेसहाला संध्यामठाच्या बाजूला बसून पाण्याकडं बघणारी तू एकटी नाहीस. तिथं फेऱ्या मारणाऱ्यांपेक्षा कठड्यावर बसून फेऱ्या मारणाऱ्यांविषयी बोलणारे जास्त असतात. हां, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. मग एक फेरी मार आणि बस.

मालिकेवर मी जास्त बोलणार नाही, कारण मीही बघते. एकच कर, ऑफिसात हसणं बंद कर. बघण्यात काही नाही. पण ज्या बाई दुपारी डबा खाताना तुझ्यासमोर ती गोष्ट सांगतात, त्यांना तू खाली बघायला लावतेस आणि रात्री तीच भाकरी चोरून खातेस. उद्या डब्याच्या वेळी सहज म्हण, "काल काय झालं हो शेवटी? मला झोप लागली." बघ कशा खुलतात.

आणि "तावडे हॉटेलपाशी आले". ह्या यादीतली ही एकच गोष्ट मला खटकली. भेळ तू तुझ्या पोटात घालतेस, बसतेस तुझ्या वेळात. पण इथं दुसरं कुणीतरी उन्हात उभं असतं. हातात नारळाची पिशवी घेऊन, एक पाय रिक्षात आणि एक रस्त्यावर. माझी एक मैत्रीण अशीच "निघालेच" म्हणायची. एकदा तिच्यासाठी मी चाळीस मिनिटं मध्यवर्ती बसस्थानकावर उभी होते, आणि ती आली ती ओल्या केसांनी. अजून विसरले नाही. टॉवेलवर असशील तर "टॉवेलवर आहे, अर्धा तास लागेल" म्हण. समोरचा शिव्या देईल, पण सावलीत बसून देईल.

झालं. आता बरणीकडे वळू.

तुझ्यासारखी पत्रं ह्या महिन्यात मला बरीच आली. राजारामपुरीतले एक गृहस्थ लिहितात की मिसळीचा कट त्यांना सोसत नाही, गेली वीस वर्षं ते मित्रांची नजर चुकवून तो शेजारच्या वाटीत ओततात आणि ब्रेडबरोबर नुसती मटकी खातात. (काका, पाणी पिऊ नका, पाण्यानं तिखट जात नाही, नुसतं तोंडभर पसरतं. दही मागवा. नाहीतर गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्या, कुणाला संशय येणार नाही, उलट पैलवान समजतील.) एक तालमीचा पोरगा सांगतो, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की गळा फुटेस्तोवर ओरडतो, पण ऑफसाइड म्हणजे काय ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. एक बाई दर शुक्रवारी अंबाबाईला जाते म्हणून घरातून निघतात, बाहेरूनच मुखदर्शन घेतात आणि उरलेले दोन तास महाद्वार रोडवर साड्यांच्या दुकानात काढतात. ह्या सगळ्यांची अडचण एकच आहे. आपल्या गावाला 'जगात भारी' असायची सवय लागलीय. मुंबईच्या माणसानं तिखट सोसत नाही म्हटलं तर त्याला कुणी हसत नाही. कोल्हापूरच्या माणसानं म्हटलं तर ती बातमी होते.

आणि कोल्हापूरच्या सुनेनं चटणी विकत आणली म्हटलं तर?

माझंच ऐक. बऱ्याच वर्षांपूर्वी नवरात्रात माझ्या घरी कडाकण्या जमल्या नाहीत. पीठ सैल झालं, गुळाचं पाणी जास्त पडलं, तळल्या की मऊ. घट बसलेले, देवीपुढं माळ बांधायची तर होतीच. गुपचूप जाऊन दोन पुडकी आणली, दोऱ्यात ओवली आणि टांगली. सगळ्यांनी वाहवा केली. मी मान खाली घालून "असंच आपलं" म्हणाले. दसऱ्याला माळ उतरवताना माझ्या जावेच्या हाताला काहीतरी टोचलं. पुडक्याची पिन. ती तशीच एका कडाकणीत अडकून इतके दिवस देवीसमोर लटकत होती. जाऊ काही बोलली नाही. पिन काढून तिनं माझ्या पदराला लावली आणि हसत आत निघून गेली. आजही आमच्यात काही वाद झाला की ती नुसती पदराकडं बघते.

तर चटणीचोरे, तुझी पिन आधीच टोचलीय. तुझ्या लक्षात आलेलं नाही.

सासूबाई काय म्हणाल्या ते परत वाच. "पुढच्या खेपेला मीठ जरा बेतानं टाकाय सांग." टाक म्हणाल्या नाहीत. टाकाय सांग म्हणाल्या. कुणाला सांग? तू म्हणशील डंकवाल्याला. अगं, डंकवाला काय घरचं मीठ टाकतो का? मीठ आपण घरून मोजून नेतो, मिरचीच्या मापानं, खडेमीठ असलं तर आधी भाजून. डंकवाल्याला फक्त "बारीक कर" किंवा "जरा भरड ठेव" एवढंच सांगायचं असतं. आयुष्यभर जिनं चटणी केली तिला हे तुला मला शिकवायचंय का? मीठ बेतानं टाकाय सांगायचं असतं ते करणाऱ्या बाईला. त्या तुझं कौतुक करत नव्हत्या. त्या गिऱ्हाइकाची सूचना देत होत्या.

आणि त्यांना कळणार नाही तर कुणाला? कांदा-लसणाची चटणी ही काय लपूनछपून करायची गोष्ट आहे? धने, जिरे, तीळ, खसखस, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, एकेक जिन्नस तेलावर भाजायचा, मग मिरची. मिरची तव्यावर पडली की अख्खी गल्ली शिंकते. शेजारच्या घरातलं बाळ खोकतं, रस्त्यावरून जाणारा पोस्टमन तोंडाला रुमाल लावतो, गच्चीवरून कुणीतरी ओरडतं, "चटणी का गं?" त्या पहिल्या वर्षानंतरचे दोन एप्रिल तुझ्या घरात कुणी शिंकलं नाही. गुडघा नवा बसवला म्हणून नाक गेलं नाही गं त्यांचं. शिवाय गच्चीवर कांदा वाळत नव्हता, घरात देठांचा ढीग नव्हता, तुझ्या बोटांची आग होत नव्हती. तू बरणी भरलीस, पण बाकीचं नाटक लावायचं विसरलीस.

मग त्या बोलल्या का नाहीत? हे मला सांगता येणार नाही, तुझ्या सासूला मी ओळखत नाही. ऑपरेशनच्या वर्षी घर कुणी उभं ठेवलं ते त्यांनी खाटेवरून बघितलं असेल. किंवा आपल्या हातून आता होत नाही हे तोंडानं बोलायला लागू नये म्हणूनही गप्प असतील. चटणी विकतची आहे असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, मग घरी का होत नाही? एवढं मात्र खरं की कडक बाई तीन वर्षं गप्प बसते तेव्हा ती फसलेली असत नाही.

आता काय करायचं.

नणंदेनं रजा टाकायच्या आधी सासूबाईंना सांग. पण सगळे जेवायला बसलेत आणि तू पदरानं डोळे पुसत उभी, असला प्रकार करू नकोस. ते आपण रात्री पांघरुणात बघतोच. दुपारचा चहा झाल्यावर दोघी लसूण सोलायला बसा. लसूण एवढ्यासाठी, की हात गुंतलेले असतात आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. अवघड गोष्टी बायका पिढ्यान्‌पिढ्या असंच काहीतरी निवडता-सोलताना बोलत आल्या आहेत. आणि एकच वाक्य बोल. "आई, तीन वर्षं चटणी मी बाहेरनं आणते." एवढंच. गप्प बस. ऑफिसचा फोन, जळलेला कांदा, गुडघा, ह्यातलं काही आपण होऊन काढू नकोस. गुडघा तर अजिबात नको, नाहीतर तुझी चूक त्यांच्या गुडघ्यावर गेली असं होईल. त्यांनी विचारलं तर सांग.

त्या "ठावं हाय मला" म्हणाल्या तर कधीपासून ते विचारू नकोस. तो हिशेब त्यांच्याकडंच राहू दे. आणि माझा अंदाज सपशेल चुकला आणि त्यांना खरंच माहीत नसलं तर? तर दोन दिवस अबोला धरतील, शेजारणीला सांगतील, चार किलो चटणी घंटागाडीत गेली म्हणून जास्त हळहळतील. पैशापेक्षा मिरचीची हळहळ मोठी असते त्या पिढीला. ऐकून घे. त्यांच्या जुन्या चुका उकरून काढू नकोस.

नणंदेला फोनवर सांग, ती आल्यावर नको. ती हसेल. पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात, बारशाला, हळदीला हा किस्सा सांगेल, आणि दर वेळी घंटागाडीच्या फेऱ्या वाढत जातील. तेवढं तुला सोसायला लागेल. पण "येतो" म्हणणारी नणंद आहे ती. पिंपरीला राहूनसुद्धा जिचं "मी येतो, मी जातो" सुटलं नाही, तिच्याशी तुझं जमेल.

नवऱ्याला वेगळं बसवून सांगायची गरज नाही. आईच्या हाताची चव कुठली आणि फुलेवाडीची कुठली हे त्याला कळत नाही हे सिद्धच झालंय. जेवताना सांगून टाक. तो भाकरी मोडता मोडता "बरं" म्हणेल.

मे महिन्यात नणंद आली की खरोखरची चटणी करा, पण किलोभरच. चार किलोचा मोह नको. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, प्रमाण सासूबाई सांगतील तसं. त्यांना स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून द्या. हात तुमचे, डोळे त्यांचे. कांदा उभा, पातळ चिरून कडक उन्हात कुरकुरीत वाळू दे, दोन दिवसांत नाही झाला तर तिसरा दिवस घे. ओलसर राहिला तर तळताना बाहेरून करपतो, आतून मऊच राहतो, आणि पुढं बरणीत बुरशी धरायला तेवढा ओलावा पुरतो. मंद आचेवर थोडा थोडा तळा. आणि मुख्य म्हणजे, हवा तसा रंग दिसायच्या जरा आधीच काढा, कारण तेलातून काढल्यावरही तो आपल्या अंगच्या उष्णतेनं पुढं रंगत जातो. तुझा फोन आला नसता तरी तू तो लालबुंद होईतो थांबली असतीस आणि ताटात काळाच झाला असता, असा मला दाट संशय आहे. पहिल्यांदा करणारी प्रत्येकजण तेच करते. फोन मात्र त्या दिवशी कपाटात ठेव. बरणी भरली की वरून हिंगाचे खडे.

जमली तर छान. नाही जमली तर किलोभरच गेली.

उरलेली तीन किलो फुलेवाडीच्या त्या बाईंकडूनच आण. चोरून नको, सासूबाईंना रिक्षात घालून घेऊन जा. त्यांना जे मीठ बेतानं टाकाय सांगायचंय ते त्यांनाच सांगू दे. तुझ्या सगळ्या पत्रात मला चुकचुकल्यासारखं झालं ते ह्या बाईंसाठी. तीन वर्षं तुमच्या घरात जेवणाची तारीफ झाली, पाहुण्यांनी वाटीभर चटणी बांधून नेली असेल, आणि जिचे हात पोळले तिचं नाव कुणाच्या कानावर गेलं नाही. भेळ, मालिका, कठडा ह्यात कुणाचं काही गेलं नव्हतं. इथं गेलं. ह्यापुढं कुणी "वहिनी, चटणी काय झालीया!" म्हटलं की सांग, कुठली आहे ते. तुझ्या गल्लीत दोन गिऱ्हाइकं तर नक्की मिळतील. तीन वर्षं लपूनछपून आणणारी तू एकटीच असशील असं समजू नकोस.

एक गंमत सांगायची राहिली. "पिढ्यान्‌पिढ्यांची चव" असं आपण फार जपून बोलतो. पण मिरची ही मुळात आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर इकडं आली, त्याला पाचशेच्या आतबाहेर वर्षं झाली. अंबाबाईचं देऊळ त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे जगदंबेनं ह्या गावात शेकडो वर्षं मिरचीवाचून काढली, मिरं आणि आल्यावर. मग कुणीतरी पहिल्यांदा बाहेरून आणलेलं हे लाल फळ आपल्या घरातल्या मसाल्यात घातलं. त्या बाईनं सासूला सांगितलं होतं का, कुणास ठाऊक.

खोटारडी आहेस का, असं तू विचारलंस. टॉवेलच्या बाबतीत आहेस. बाकी नाही.

सासूबाई काय म्हणाल्या ते कळव. आणि फुलेवाडीला जाशील तेव्हा त्या बाईंना माझ्यासाठीही एक किलो सांगून ठेव. माझी यंदाची व्हायची आहे अजून, आणि खरं सांगू का, होईलसं वाटत नाही. मीठ बेतानंच टाकाय सांग.

तुझी,
आक्का